गिरडचे नारळ

आमच्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, गिरड नावाचे गाव आहे. गावाला लागून टेकडी आणि टेकडीवर शेख ख्वाजा फरीद बाबांचा दर्गा. तेथे बाराही महिने माणसांची ये-जा असते, आणि येणाऱ्यांत हिंदू किती नि मुसलमान किती याचा हिशेब कोणी ठेवत नाही. टेकडीवर पायाशी पाहत चालले, की गोल, लांबट, पांढुरके, मातकट गोटे विखुरलेले दिसतात. हे साधे गोटे नव्हेत, हे नारळ आहेत, असे तुम्हाला गावातील पोरसुद्धा सांगेल.

कथा अशी : दोन फिरते व्यापारी माल लादून या वाटेने चालले होते. त्यांनी बाबांची टवाळी केली. बाबांनी त्यांच्या साऱ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापाऱ्यांचे धाबे दणाणले. ते पाया पडले, गयावया करू लागले. तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना पुन्हा तेवढाच माल निर्माण करून दिला. पण आता व्यापारात त्यांचे मन कसले लागते! ते बाबांच्याच सेवेत राहिले, आणि टेकडीवरील दोन कबरी त्यांच्या म्हणून दाखवल्या जातात.

इंग्रजी अमदानीत गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांनीही ही कथा टिपून ठेवली आहे. मात्र गोट्यांबद्दल लिहिताना त्यांनी शास्त्राचा शब्द वापरला : झिओलाइट. मी मराठी शिकवणारा माणूस. ज्ञानेश्वरीतील शब्दांवर तासभर बोलेन, पण हा शब्द डोळ्यांखालून गेला तेव्हा मी त्याला थांबवून त्याचे गाव विचारले नाही. पुढे २०२१ साली तो शब्द आपल्या पायांनी आमच्या घरी आला, आणि तोही वाईट वेळी.

एप्रिल महिना. ते दिवस कोणाला आठवून द्यायला नकोत. हिंगणघाटची माझी आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, करोनाने आजारी पडली. इस्पितळात खाट नाही, सिलिंडर नाही. ओळखीतून ओळख काढत एका दुकानदाराकडून भाड्याने एक यंत्र मिळाले. लहानशा पेटीएवढे, खोलीतील हवा आत घ्यायची आणि नळीवाटे ऑक्सिजन बाहेर द्यायचा. भाडे विचारू नका. यंत्र सुरू झाले, फुस्स-ठक, फुस्स-ठक असा आवाज करू लागले. आम्हाला हायसे वाटले. पण आत्याच्या बोटावरील चिमट्यातील आकडा काही चढेना. अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. माझ्या भाच्याने, तो अभियांत्रिकीला आहे, कुठून तरी मोजायचे उपकरण आणून नळीतली हवा तपासली. ज्या यंत्राने नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन द्यायचा, ते जेमतेम पन्नास टक्के देत होते. आत मोटार फिरत होती, दिवा जळत होता, सारे काही ठीक दिसत होते. फक्त काम होत नव्हते.

“मामा, ह्याचे दाणे ओले झाले असणार,” भाचा म्हणाला.

कसले दाणे? तर झिओलाइटचे. त्या यंत्रात दोन नळकांडी असतात आणि त्यांत हे दाणे ठासून भरलेले असतात.

रात्री दीड वाजता नागपूरहून दुसरे यंत्र आले. पहाटेपर्यंत आकडा त्र्याण्णववर गेला. आत्या वाचली. आज ती ब्याऐंशीच्या पुढे आहे आणि तिचे माझ्याशी भांडण चालू आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो. पण त्या रात्रीपासून मला त्या दाण्यांचा ध्यास लागला. जे ओले झाल्यामुळे माणूस मरू शकते, ते आहे तरी काय?

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना गाठले. ते म्हणाले, “आधी तुमच्या गिरडचा एखादा गोटा आणा, मग बोलू.” गोटा शोधायला मला गिरडला जावे लागले नाही. आत्याच्या देवघरात एक होता. तिने लहानपणी वडिलांबरोबर गेली असता उचलून आणलेला, सुपारीपेक्षा जरा मोठा, रोज हळदकुंकू लागून पिवळा झालेला. त्याचा एक टवका मी मागून घेतला. प्राध्यापकमहाशयांनी तो परीक्षानळीत घालून खालून ज्योत लावली. थोड्या वेळाने नळीच्या वरच्या, थंड भागात आतून बारीक दव धरले. दगडातून पाणी निघाले होते!

नेमके हेच १७५६ साली स्वीडनमधील क्रोन्स्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने पाहिले. तापवताच एक खनिज जणू उकळू लागले, त्यातून वाफ निघाली. त्याने ग्रीक शब्द जोडून त्याचे नाव ठेवले झिओलाइट, म्हणजे उकळता दगड. नाव ठेवण्यात साहेबलोक आपल्यापेक्षा फार शहाणे असतात असे समजू नका. अशा गोट्यांनी भरलेल्या खडकाला भूगर्भशास्त्रात जे नाव आहे त्याचा ग्रीकमधला अर्थ आहे बदामासारखा. आमच्या लोकांनी नारळ म्हटले, त्यांनी बदाम म्हटले. किराणामाल दोघांनाही आठवला.

आता हे पाणी दगडात शिरले कसे? सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास या आपल्या दख्खनवर जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला, थरावर थर साचले. आपला काळा पाषाण तो हाच. रस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकून राहिले, भाकरीच्या पिठात राहावेत तसे. जेथे रस झटकन निवला तेथे त्याला स्फटिक बनायला सवड मिळाली नाही; तो काचेसारखा थिजला. नुसता काचेसारखा नव्हे, ती काचच. पुढे या खडकात पाणी मुरले, कोमट, खारट पाणी. त्याने ती काच विरघळवली, तिच्यातील सिलिका आणि ॲल्युमिनियम वाहून नेले, आणि बुडबुड्यांच्या रिकाम्या पोकळ्यांत त्यांची नवी रचना करून ठेवली : झिओलाइट. नंतर खडक कुजला, त्याची काळी माती झाली. ज्या मातीत हिंगणघाटचा कापूस पिकला ती हीच. गोटे मात्र चिवट. ते कुजले नाहीत, माती वाहून गेली तसे उघडे पडले. बाबांची कथा आणि ही कथा यांत मला एवढेच साम्य दिसते, की दोन्हींत एका मालाचा दुसरा माल झाला आहे.

झिओलाइटची गंमत त्याच्या बांधणीत आहे. घरोघरी आता फराळाची गडबड असेल, म्हणून अनारशाचा दाखला देतो. अनारसा तुपात सोडला की त्याला जाळी पडते; जाळी पडली नाही तर सुगरणीचे नाक कापले जाते. झिओलाइट ही अशीच जाळी, पण अणूंची. छिद्रे इतकी बारीक, की त्यांतून पाण्याचा, नायट्रोजनचा, ऑक्सिजनचा सुटा रेणू तेवढा आत-बाहेर करू शकतो. आणि सारी छिद्रे एका मापाची, ओळीने मांडलेली. अनारशाच्या जाळीत हे जमत नाही. चिमूटभर झिओलाइटमध्ये या बोळकांड्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ काढले तर ते घराच्या अंगणात मावणार नाही.

ऑक्सिजनच्या यंत्रात ही जाळी चाळणीसारखी काम करते असे पुष्कळ जण समजतात. मीही समजत होतो. तसे नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही त्या दारांतून आत जातात. पण जाळीच्या भिंतींना धातूचे भारित कण चिकटलेले असतात आणि त्यांची ओढ नायट्रोजनला अधिक. हवा दाबाने आत सोडली की नायट्रोजन तेथे रेंगाळतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. मग दाब कमी करायचा, म्हणजे नायट्रोजन सुटतो. तो बाहेर टाकायचा. तोवर दुसरे नळकांडे काम करते. फुस्स-ठक म्हणजे हे एकाआड एक चाललेले काम. आणि पाणी? पाण्याची ओढ या जाळीला सगळ्यांहून जास्त. दमट हवा आत शिरली की पाणी त्या खोल्या बळकावून बसते, आणि नायट्रोजनला जागा उरत नाही. भाच्याचे निदान बरोबर होते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मे २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनचे कारखाने उभारण्यासाठी झिओलाइट विमानांत भरून रोमहून बंगळूरला आणावे लागले. जगातले देखणे झिओलाइट महाराष्ट्रात सापडतात. पुण्याजवळच्या, जळगाव-नाशिककडच्या खाणींतले खडे परदेशांतल्या संग्रहालयांत दिमाखाने मांडलेले आहेत, सिन्नरला तर त्यांचे ‘गारगोटी’ नावाचे खास संग्रहालयच आहे. मग रोमहून कशाला? तर आपल्या दगडांची जाळी निसर्गाने आपल्या मर्जीने विणलेली. नायट्रोजनसाठी हवी तशी दारे आणि हवे तसे धातूचे कण तिच्यात नसतात. यंत्राला लागतो तो कारखान्यात मापून बनवलेला झिओलाइट. खाण आपल्याकडे असणे आणि कारखाना असणे यांत फरक आहे, एवढेच त्यातून समजले; आणि ते समजायला माणसांचे प्राण पणाला लागावे लागले, याची चुटपुट राहिली.

कारखान्यातून निघतो तो झिओलाइट मात्र दाणा नसतो, पीठ असते. पीठ नळकांड्यात भरले तर हवा पुढे जाणार नाही, आणि गेली तर पीठ उडून जाईल. म्हणून त्याचे दाणे वळायचे. लाडू वळायला पाक लागतो तसा दाणे वळायला चिकटा लागतो, आणि चिकटा म्हणून माती वापरतात, शंभर भागांत दहा-वीस भाग. ही माती नायट्रोजन धरण्याच्या कामी शून्य. वर ती काही दारे लिंपून टाकते; आणि यंत्राच्या हादऱ्याने दाणे झिजून धूळ झाली तर तीही नळ्यांत जाऊन बसते. तेव्हा प्रश्न असा, की असा पाक मिळेल का जो धरूनही ठेवील आणि दारेही बंद करणार नाही? पाकालाच जाळी असेल तर?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक उत्तर मिळू लागले आहे, आणि ते उत्तर आहे काच.

त्याआधी एक नवीन जात ओळखून घ्या. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील रिचर्ड रॉबसन यांनी तांब्याचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून एक जाळी बांधली : धातूचा अणू म्हणजे सांधा, सेंद्रिय रेणू म्हणजे वासा. जपानचे सुसुमू कितागावा यांनी अशा जाळ्यांत वायू आत-बाहेर करू शकतो हे दाखवले. अमेरिकेत ओमर याघी यांनी १९९९ मध्ये बांधलेली जाळी उष्णतेतही उभी राहिली. वासे बदलले की खोल्यांची मापे बदलतात. म्हणजे जाळी आता निसर्गाच्या मर्जीवर उरली नाही, सुताराच्या मापाने बांधता येऊ लागली. काही ग्रॅम भुकटीत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग! या तिघांना २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याघी यांनी वाळवंटाच्या कोरड्या हवेतून रात्री पाणी धरून सकाळी ते मोकळे करून दाखवले. आमच्या विदर्भातल्या वाचकांना ही बातमी विशेष गोड लागेल.

या कुळात एक शाखा आहे, तिच्यात सांधा जस्ताचा आणि वासा इमिडाझोल नावाच्या रेणूचा. त्या दोघांमधला कोन मोजला तर तो जुन्या झिओलाइटमधल्या कोनाएवढाच भरतो! त्यामुळे या जाळ्या झिओलाइटच्याच नकाशावर उभ्या राहतात. तिला ‘झिफ’ म्हणतात. २००८ साली झिफचे कितीतरी नवे प्रकार एका फटक्यात बनवण्याचे जे काम गाजले, त्या निबंधावर पहिले नाव राहुल बॅनर्जी यांचे होते. ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. कितागावांच्या हाताखाली काम केलेले सुजित घोष पुण्याच्याच आयसरमध्ये या जाळ्यांवर संशोधन करतात. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

पण या साऱ्या जाळ्यांचे दुखणे तेच : पीठ. दाबून वडी करायला जावे तर जाळी मोडते. तापवून वितळवायला जावे तर वितळण्याआधीच सेंद्रिय वासे जळून जातात. २०१५ च्या सुमारास केंब्रिजच्या टॉमस बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की झिफच्या काही जाती जळण्याआधी खरोखर वितळतात, आणि निवल्या की त्यांची काच होते.

काच म्हणजे काय हे मला या निमित्ताने प्रथमच नीट समजले. काच म्हटली की आपल्या पिढीला ओगलेवाडीच्या कंदिलाची काच आठवते, आणि काच म्हणजे वाळूची वस्तू असा समज होतो. पण काच ही वस्तू नव्हे, स्थिती आहे. खडीसाखर आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा पाक घ्या. साखर तीच. खडीसाखरेत रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत. म्हणून ती स्फटिक. चिक्कीत रस भराभर निवतो, रेणूंना ओळी धरायला वेळ मिळत नाही, ते होते तेथेच खिळून बसतात; म्हणून ती काच. चिक्की पारदर्शक दिसते, कडकन तुटते आणि तुटलेली कड धारदार असते. तोंड कापलेल्या कोणालाही हे पटेल.

झिफची काच झाली तरी तिच्यातले जस्ताचे सांधे आणि वासे तसेच एकमेकांना धरून असतात. ओळ तेवढी मोडलेली असते. त्यामुळे तिच्यात बारीक पोकळ्या शिल्लक राहतात. हा तो पाक, ज्याला जाळी आहे!

मग २०१९ साली जिंगवेई हौ, बेनेट आणि त्यांच्या मंडळींनी चिक्की केली. शेंगदाण्यांच्या जागी त्यांनी घेतली फ्रान्समधील लाव्हाझिए संस्थेत बनवलेली ‘एमआयएल-५३’ नावाची जाळी. तिच्यात सांधा ॲल्युमिनियमचा आणि वासा ज्या आम्लाचा, तेच आम्ल आपल्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या बनवायला लागते. पाकाच्या जागी ‘झिफ-६२’. दोन्ही पिठे एकत्र केली, दाबून वडी केली आणि हवा लागू न देता साडेचारशे अंशांच्या आसपास तापवली. झिफ-६२ वितळून दाण्यांभोवती पसरली. एमआयएल-५३ त्याहून तापसहिष्णू, ती तशीच राहिली. निवल्यावर हातात आली एक अखंड चकती, काचेत जडवलेल्या जाळ्यांची.

यात एक अनपेक्षित लाभ झाला, आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. एमआयएल-५३ ही ‘श्वास घेणारी’ जाळी आहे. हा शब्द माझा नव्हे, शास्त्रज्ञांचाच. तापली की तिच्या खोल्या उघडतात. निवून हवेतील दमटपणा लागला की छाती आत घ्यावी तशा मिटतात. मिटलेल्या खोलीत वायू किती मावणार? पण काचेच्या मिठीत तिला मिटताच येईना. तापलेली असताना काचेने तिला जशी धरली, तशीच, खोल्या उघड्या ठेवून, ती थंड झाल्यावरही राहिली. दाणे धरून ठेवण्यासाठी घातलेल्या पाकाने दाण्याचा गुणच वाढवला. आत्याच्या त्या रात्रीनंतर मला ही गोष्ट कोरडेपणाने वाचता आली नाही.

अशाच काचेत २०२१ साली दुसरे काही बसवून पाहिले गेले. पेरोव्हस्काइट नावाचे स्फटिक दिव्यांसाठी फार उत्तम रंगीत प्रकाश देतात, पण पाणी लागले की विरघळतात आणि त्यांतले विषारी शिसे सुटते. झिफच्या काचेत ते बंद केल्यावर हजारो तास पाण्यात बुडवूनही चमकत राहिले. म्हणजे एकच काच, एके ठिकाणी दारे उघडी ठेवते आणि दुसरे ठिकाणी पहारा देते.

हे सगळे ऐकून कोणी उद्या बाजारात अशी यंत्रे शोधू नयेत. आज हे काम चकत्यांवर चालले आहे, कारखान्यात नव्हे. इमिडाझोलसारखे वासे मातीच्या भावात मिळत नाहीत. हवेपासून वाचवत तापवणे खर्चाचे. स्फटिक जाळीपेक्षा काचेतल्या वाटा अरुंद, त्यामुळे वायूला आतल्या दाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि साडेचारशे अंश सोसतील अशा जाळ्याही थोड्या. कोळशाच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड धरावा, वायू वेगळे करणारा पातळ पडदा करावा, असे पुष्कळ मनसुबे आहेत. त्यांतला कोणता तडीस जाईल हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच कळते, की दख्खनच्या पोटात पाण्याने काच खाऊन जाळी विणली, आणि या मंडळींनी जाळी वितळवून काच केली. आणि उलट दिशेने चालत दोघे एकाच ठिकाणी येऊन पोचले, जेथे काच आणि जाळी शेजारी नांदतात.

आता आत्याचे भांडण. मी तिला हे सारे सांगितले. दाणे, नायट्रोजन, सगळे. यंत्रात होता तो आणि देवघरात आहे तो, दोघे एकाच कुळातले हेही सांगितले. ती म्हणाली, “मंग तुह्या त्या मशीनीत बाबाचाच गोटा होता म्हन ना!” मी म्हणालो, नाही गं, तो कारखान्यातला, हा डोंगरातला, हा त्या कामाचाच नाही. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढे मी चूक अशी केली, की टवक्यातून पाणी कसे निघाले तेही मोठ्या उत्साहाने सांगितले.

“जाळला तू त्याले?” ती म्हणाली. “बाप्पा! अन् तो तुकडा कुठी हाय?”

तुकडा प्रयोगशाळेत परीक्षानळीतच राहिला होता. प्राध्यापकमहाशयांना विचारले, तर नळी केव्हाच धुतली गेली होती. गेल्या महिन्यात गिरडला जाऊन मी त्याच मापाचा एक गोटा आणून दिला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि देवघरात न ठेवता खिडकीत ठेवला.